पीसिलोथेरिया : झाडावरचा नक्षीदार कोळी

पीसिलोथेरिया ही मोठ्या, केसाळ कोळ्यांची प्रजाती निसर्गात केवळ भारत आणि श्रीलंका या दोन देशांत आढळते. टॅरंटुला म्हटले की जमिनीतले बीळ आठवते. हे कोळी मात्र झाडाच्या ढोलीत किंवा सुटलेल्या सालीमागे राहतात. शरीर काहीसे चपटे, पाय लांब आणि पाठीवर सालीत मिसळून जाणारी राखाडी-तपकिरी नक्षी. डिवचल्यास कोळी पुढचे पाय उभारतो आणि अनेक जातींत त्यांच्या खालच्या बाजूचे पिवळे-काळे पट्टे एकदम समोर येतात. दंशानंतर तीव्र वेदना होतात, स्नायूंत गोळे येतात.

या प्रजातीतील एका जातीला फ्रेंच शास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०४ मध्ये 'मिगाले फॅसिआटा' असे नाव दिले. 'मिगाले' ही त्या काळी साऱ्या केसाळ कोळ्यांची धर्मशाळाच होती! पुढे जर्मन अभ्यासक कोख यांनी 'स्कुरिया' हे स्वतंत्र नाव सुचवले. पण ते एका सागरी गोगलगायीला आधीच दिलेले असल्याने बाद ठरले. अखेर १८८५ मध्ये युजीन सिमाँ यांनी 'पीसिलोथेरिया' हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत 'पॉइकिलॉस' म्हणजे चित्रविचित्र आणि 'थेरिऑन' म्हणजे वन्य पशू. सह्याद्रीच्या जंगलांत आढळणाऱ्या जातीचे नाव 'रिगॅलिस', अर्थात राजेशाही. ते ब्रिटिश म्युझियमच्या पोकॉक यांनी १८९९ मध्ये दिले.

त्याच वर्षी पोकॉक यांनी 'मेटॅलिका' या गडद निळ्या जातीचेही वर्णन केले. हा निळा रंग रंगद्रव्याचा नसून केसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो. नमुना सापडला होता आंध्रातील गुत्ती येथे, रेल्वेच्या लाकूडवखारीत. मुरारराव घोरपड्यांमुळे मराठी इतिहासाला परिचित असलेले हेच ते गुत्ती. त्यानंतर शतकभर हा कोळी कोणाला दिसला नाही. २००१ मध्ये तो पुन्हा आढळला, तोही गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात. पहिला नमुना बहुधा लाकडाबरोबरच गुत्तीला आला असावा.

जुनी झाडे तुटली की ढोली जातात आणि ढोलीबरोबर कोळीही. २००८ मध्ये मेटॅलिकाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. २०१९ मध्ये संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइटीस' करारान्वये नियंत्रणाखाली आला. परदेशी हौशी पाळणाऱ्यांच्या बाजारात हा निळा कोळी आजही गुत्तीच्याच नावाने विकला जातो.