मेक्सिकन भुंगेरा

गाजर गवताची पाने खाणारा कीटक. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलराटा, कुल क्रायसोमेलिडी. मूळ मेक्सिकोतला, गाजर गवताला आवर घालण्यासाठी १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडला गेला. हे तण १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले होते.

लांबी सुमारे ६ मिमी. डोके तपकिरी, मळकट पांढऱ्या पंखकवचांवर गडद तपकिरी, नागमोडी उभ्या रेघा. घाईत तो ढालकिडा वाटतो. पण ढालकिड्यावर बहुधा ठिपके असतात, याच्यावर रेघा. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या रेघा सरळ असतात.

मादी पानाच्या खालच्या बाजूस फिकट पिवळी अंडी घालते. अळ्या आधी शेंड्याचे कोवळे कोंब कुरतडतात, मग पाने. झाडाचा नुसता सांगाडा उरतो. वाढ पुरी झाली की अळी जमिनीत उतरून कोष करते. प्रौढ भुंगेरे कोरड्या महिन्यांत मातीत सुप्त राहतात आणि पावसाबरोबर वर येतात. गवत मात्र पाणी मिळेल तिथे बारमाही उगवते. भुंगेऱ्याची खरी मर्यादा हीच. सूर्यफुलावर तो दिसल्याने पुढे बराच वाद झाला, तरी गाजर गवतच त्याचे मुख्य खाद्य ठरले.