डोरेमस जेसपचा आळस

सिंक्लेअर लुईस यांच्या 'इट कान्ट हॅपन हिअर' या कादंबरीची आठवण अमेरिकेला संकटकाळी होते. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर ती पुन्हा धडाक्याने खपली, आणि तिच्यातील बझ विंड्रिप या हुकूमशहाशी डोनाल्ड ट्रम्प यांचे साम्य किती, याचा हिशेब सुरू झाला. हा हिशेब आम्हांस फारसा फलदायी वाटत नाही. लुईस यांची नजर वेगळ्याच माणसावर खिळलेली होती.

कादंबरी ऑक्टोबर १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी, १९३४ च्या ऑगस्टमध्ये, लुईस यांच्या पत्रकार पत्नी डोरोथी थॉम्पसन यांची हिटलरच्या जर्मनीने हकालपट्टी केली होती. इकडे मायदेशी मंदीने गांजलेल्या जनतेला संपत्तीच्या वाटपाचे स्वप्न दाखवणारे सेनेटर ह्यूई लाँग अध्यक्षपदाकडे डोळे लावून होते. सप्टेंबर १९३५ मध्ये त्यांची हत्या झाली. कादंबरीतला विंड्रिपही प्रत्येक कुटुंबाला वर्षाकाठी ५००० डॉलरचे आश्वासन देतो आणि निवडून येतो. (कलाकृती म्हणून ही कादंबरी घाईची आहे. 'बॅबिट'ची सफाई येथे शोधू नये.)

मात्र कथेचा नायक आहे डोरेमस जेसप, व्हरमाँटमधील एका छोट्या गावच्या वृत्तपत्राचा साठीतला संपादक. सुशिक्षित, उदारमतवादी, विनोदबुद्धीचा. अमेरिकेत असले काही घडणारच नाही, असे दगडखाणीचा मालक टॅसब्रो छातीठोकपणे सांगतो. जेसपला धोका दिसतो, तरीही तो वाट पाहत राहतो. विंड्रिपचे गणवेशधारी रस्त्यांवर उतरल्यानंतर तो एक जळजळीत अग्रलेख लिहितो; तोवर फार उशीर झालेला असतो. जावई गोळीला बळी पडतो, तर वकील झालेला स्वतःचा मुलगा जुळवून घेण्याचा सल्ला देतो. अखेर जेसप स्वतःशीच कबूल करतो, की या जुलमाचा दोष मुख्यतः त्याच्यासारख्या सभ्य, सुखवस्तू आणि विचारांनी आळशी माणसांचा आहे. हे वाचताना आम्ही प्राध्यापक मंडळी चपापतो. आमच्याही पुष्कळशा निषेधांची धाव स्टाफरूमच्या उंबरठ्यापर्यंतच असते.

कादंबरीचे प्रत्यक्षात काय झाले, तेही बोलके आहे. मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रपटसंस्थेने तिचे हक्क विकत घेतले आणि १९३६ मध्ये चित्रपट गुंडाळून ठेवला. ज्या धाडसाची अपेक्षा धनाढ्य संस्थेकडून होती, ते मंदीत बेकार झालेल्या नटांनी केले. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या फेडरल थिएटर प्रोजेक्टने २७ ऑक्टोबर १९३६ रोजी, निवडणुकीच्या ऐन तोंडावर, या कादंबरीचे नाट्यरूप अनेक शहरांत एकाच दिवशी रंगमंचावर आणले. जून १९३९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्या प्रकल्पाचे अनुदान बंद केले.