सोनगडची शाळा आणि रानीपरजांचे नेतृत्व

लहरीपुऱ्याच्या दरवाजातून ये-जा करणाऱ्या बडोदेकर मराठी माणसाला सोनगड हे नाव परके नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजीराव गायकवाडांनी गुजरातेत पाय रोवले ते याच डोंगरी किल्ल्याच्या आश्रयाने. त्या सत्तास्थापनेत भोवतालच्या रानांतील आदिवासींना मात्र काय मिळाले, या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर मिळण्यास दीड शतक जावे लागले.

१८८१ साली राज्यकारभार हाती घेतल्यावर सयाजीराव महाराजांनी १८८५ मध्ये सोनगड येथे आदिवासी मुलांसाठी वसतिगृहयुक्त शाळा सुरू केली. सरकारी दप्तरात ती 'धाणका' मुलांची शाळा म्हणून ओळखली जाई. निवास व भोजन मोफत असे. अक्षरओळखीबरोबर शेती व सुतारकामही शिकवले जाई. फत्तेखान पठाण यांच्यासारख्या अधीक्षकांनी या मुलांना आपल्या समाजाकडे नव्या दृष्टीने पाहण्यास शिकवले.

येथून बाहेर पडलेले चौधरी व गामीत तरुण शिक्षक झाले, सरकारी नोकरीत शिरले. परंतु शिकला तो समाजाला दुरावला, असे घडले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्यांनी ज्ञातिबांधवांच्या सभा भरवून दारूबंदी व शिक्षणाचा आग्रह धरला. दारू-ताडीचा गुत्तेदार आणि कर्ज देणारा सावकार यांच्या विळख्यातून सुटल्याखेरीज जमीन हाती राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९२२-२३ च्या देवी चळवळीत हजारो आदिवासींनी दारू सोडली. त्याचा धक्का खुद्द संस्थानाच्या अबकारी उत्पन्नालाही होता. ज्या राज्याने अक्षर दिले, त्याच राज्याच्या महसुलाला प्रश्न विचारणारी जागृती त्याच्या प्रजेत उभी राहिली. शिक्षणाचे खरे फळ ते हेच. पुढे गांधीजींच्या सहवासात 'काळीपरज' हे हिणवणारे नाव जाऊन 'रानीपरज' हे सन्मानाचे नाव रूढ झाले.

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मताधिकाराने या समाजाला विधिमंडळाची दारे उघडली. व्यारा परिसरातील डोलवणचे अमरसिंह चौधरी १९८५ मध्ये गुजरातचे पहिले आदिवासी मुख्यमंत्री झाले व १९८९ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या उत्कर्षाचे श्रेय एकट्या सोनगडला देणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही १८८५ ते १९८५ हे नेमके शतकाचे अंतर विसरता येत नाही. शाळा असो वा ग्रंथालय, त्याची फळे पेरणाऱ्याच्या हयातीत क्वचितच दिसतात. शताब्दीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या संस्थेने एवढे ध्यानी ठेवावे.