शिरेच्या दाराची राखण

शिवनेरीच्या छायेंतील जुन्नर आणि घोडनदीच्या खोऱ्यांतील आंबेगाव या तालुक्यांत, उसाच्या फडांत किंवा कांद्याच्या वावरांत घोणस पायाखालीं येणें ही नवलाची गोष्ट नव्हे. तिच्या विषानें कधीं कधीं मूत्रपिंडें बंद पडतात. मग रोग्याच्या मानेंतील मोठ्या शिरेंत नळी घालून रक्त यंत्रानें शुद्ध करावें लागतें. परंतु जी नळी प्राण राखते, तीच रक्तांत जंतु शिरण्याचें दार होऊं शकते. विषांतून वांचलेला शेतकरी त्या जंतूंनीं दगावावा, यापरता दैवदुर्विलास कोणता?

शरीरांत असें दार उघडतांना शेवटचा हात स्वच्छ हवा, हा धडा फार महाग पडला आहे. मुंबईंत हाफकिन यांनीं १८९७ सालीं प्लेगची लस तयार केली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं ती १०७ जणांस टोंचली गेली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें मेले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. परंतु बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला, हें पुढें उघड झालें. १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ पासून ती संस्था त्यांचेंच नांव मिरविते. सर्पविषावरील औषधही तेथें तयार होऊं लागलें.

१९२९ सालीं जर्मनींत फोर्समान यांनीं स्वतःच्या हाताच्या शिरेंतून थेट हृदयापर्यंत नळी सरकविली. पुढें अशा नळ्या रूढ झाल्या आणि त्यांजबरोबर रक्तदोषही वाढला. अमेरिकेंतील प्रोनोव्होस्ट यांनीं २००१ सालीं त्यावर पांच साधे नियम घातले: हात धुणें, स्वतः निर्जंतुक झगा घालून रोग्यास निर्जंतुक चादरीनें झांकणें, त्वचा क्लोरहेक्झिडीननें पुसणें, जांघेंतील शीर शक्यतों टाळणें, आणि गरज संपतांच नळी काढणें. नियम चुकल्यास परिचारिकेनें डॉक्टरांस थांबवावें, असा अधिकारही तिला मिळाला. मिशिगन राज्यांतील शंभरांवर अतिदक्षता विभागांत दीड वर्षांत हा दोष सुमारें दोन-तृतीयांशांनीं घटला.

यांत नवें औषध कांहींच नव्हतें. होती ती शिस्त. घरच्या मंडळींनींही नळीवरील पट्टी ओली होऊं देऊं नये, थंडीताप येतांच त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें, आणि ‘नळी आणखी किती दिवस?’ हें विचारण्यास संकोचूं नये. दाराची राखण सर्वांनीं मिळूनच करावयाची असते.