टाकाचचा डावा हात

पिस्तुलाच्या नेमबाजीत हात लांब करून एकाच हाताने नेम धरावयाचा. दुसऱ्याची मदत घ्यावयाची नाही. म्हणूनच कारोय टाकाच या हंगेरियन सैनिकाची हकीकत आम्हांस सांगावीशी वाटते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला त्याला जाऊ दिले नाही. कारण तो पडला सार्जंट, आणि हा मान केवळ अधिकाऱ्यांचा! पुढे हा नियम उठला, तर १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून उजवा हात निकामी झाला. त्याने गुपचूप डावा हात तयार केला व १९३९ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. श्वासावरील ताबा आणि चाप ओढण्यातील धीर हे काही उजव्या हातात नव्हते, असे आम्हांस वाटते. शिकवावयाचे होते ते मनगटाला आणि बोटाला.

नंतरची दोन ऑलिंपिके महायुद्धाने गिळली. १९४८ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो लंडनला उतरला. पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आणि त्यांना वेळ आधी आठ सेकंद, मग सहा, शेवटी अवघे चार! ६०० पैकी ५८० गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक त्याचेच. खाशाबा जाधवांनी जेथे आपल्याला कांस्यपदक मिळवून दिले, त्या १९५२ च्या हेलसिंकीतही त्याने ५७९ गुणांनी सुवर्णपदक राखले. दुसरा आलेला त्याचाच देशबंधू एका गुणाने मागे राहिला.