कुंडलचा माळ आणि संस्थानी करनीति

औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला, ही हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. ती सामान्यतः एका गुणग्राही राजाच्या औदार्याची कथा म्हणून सांगितली जाते. आमच्या मतें तींत राज्यनीतीचाही एक धडा आहे, व तिकडे वाचकांचें लक्ष वेधणें हा या टिपणाचा हेतु होय.

नवी पेठ वसवितांना व्यापाऱ्यांस कौल देण्याची चाल मराठशाहींत रूढ होती. कांहीं वर्षें कर माफ आणि पुढें इस्तावा, म्हणजे सालोसाल चढता धारा, असें त्याचें सामान्य स्वरूप असे. शेजारच्या पेठेंतील उदमी आपल्याकडे यावा, हा त्यांतील उघड हेतु. परंतु सवलतीस मुदत असे, आणि ती घेणारास तेथें वस्ती करावी लागे.

सातारचें राज्य खालसा झाल्यावर या टापूंत ब्रिटिश मुलूख आणि औंध, सांगली, मिरज, फलटण इत्यादि संस्थानें एकमेकांत गुंतून राहिलीं. आगगाडी एक, बाजार एक, पण कायदे व कर निरनिराळे. हिंदुस्थान सरकारचा १९२२ चा प्राप्तीवरील कराचा कायदा ब्रिटिश मुलुखापुरता होता, संस्थानांस तो लागू नव्हता. अशा स्थितींत भांडवल आपल्या हद्दींत आणण्याची चढाओढ लागावी, हें स्वाभाविक होतें.

लक्ष्मणराव किर्लोस्करांस बेळगांवची जागा नगराच्या विस्तारामुळें सोडावी लागली. १९०९ त गादीवर आलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं त्यांस माळरानाची सुमारें ३२ एकर जमीन व बिनव्याजी कर्ज दिलें. जवळच कुंडल रोड स्टेशन होतें. नांगर औंधच्या हद्दींत घडे, आणि त्याचें गिऱ्हाईक हद्दीबाहेर दूरवर पसरलेलें असे. लहान राज्यास मोठ्या बाजाराचा लाभ मिळाला तो असा.

येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. कारखाना येणें निराळें, आणि कर चुकविण्यासाठीं नुसतें वहीखातें येणें निराळें. पहिल्यानें गांव वसतें, दुसऱ्यानें फक्त शेजाऱ्याचा वसूल बुडतो. शेतसाऱ्यावर चालणाऱ्या राज्यानें धनिकांस दिलेल्या सवलतीचा भार अखेर रयतेवरच पडतो.

ही चढाओढ आज राष्ट्राराष्ट्रांत चालू आहे. युरोपच्या सामाईक बाजारांत आयर्लंडनें २००३ पासून कंपन्यांच्या व्यापारी नफ्यावरील कर शेंकडा १२.५ ठेविला, आणि पुष्कळ परकी कंपन्या तेथें गेल्या. २०२१ त १३० हून अधिक देशांनीं बड्या कंपन्यांकरितां शेंकडा १५ ही किमान मर्यादा मान्य केली.

८ मार्च १९४८ रोजीं औंध, सांगली इत्यादि संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. हद्दी पुसल्या, पण किर्लोस्करवाडी उरली. ती आज सांगली जिल्ह्यांत आहे. सवलत संपल्यावर गांवांत काय उरलें, याच कसोटीवर राज्याची उदारता तपासावी, असें आम्हांस वाटतें.