दुकानातला नोकर आणि कंपनीतला नोकर

मुरुडची बाजारपेठ तशी जुनी आणि गजबजलेली. पण बारावी झालेल्या प्रत्येकाला काम देईल एवढी मोठी नाही. त्यामुळे आमच्या नात्यात दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी लातूर नाहीतर पुण्यात मोठ्या दुकान-कंपनीत लागतं आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "कंपनी आहे, पगार बँकेत येतो." दुसरा म्हणतो, "दिवसभर उभं राहायचं, अन् शेवटी दुसऱ्याच्याच दुकानात नोकर!" दोघांचंही खरं आहे. म्हणून म्हटलं, जरा मागे जाऊन बघावं.

आपल्याकडचा दुकानातला नोकर तोंडी बोलीवर लागायचा. दुकान झाडण्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत सगळी कामं त्याचीच. दिवाळीला कपडे, घरात लग्न निघालं तर उचल. उचल फिटेपर्यंत मात्र दुकान सोडायचं नाव नाही. कागद कशाचाच नाही. पण एक गोष्ट होती. माल कुठून येतो, उधारी कुणाला द्यायची, आडत्याशी कसं बोलायचं, हे सगळं तो बघत बघत शिकायचा. त्यातलेच काही पुढे स्वतःचं दुकान टाकायचे.

अशा नोकरांसाठी मुंबई प्रांताने 1939 साली दुकानांचा कायदा केला, मग 1948 साली नवा आणला. लोक त्याला गुमास्ता कायदा म्हणतात. आपला मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात आणि मुंबई राज्यात आला तो थेट 1956 साली. शिवाय प्रॉव्हिडंट फंडाच्या 1952 च्या कायद्यात निदान 20 कामगारांची अट. तीन नोकरांच्या किराणा दुकानाला तो लागणार कसा?

बिग बझार 2001 साली सुरू झालं, डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 साली पवईत. अशा कंपन्या आकारामुळेच कायद्याच्या कक्षेत आल्या. पगाराची पावती, पीएफ, ठरलेली सुट्टी... पिढ्यान्‌पिढ्या दुकानात राबलेल्यांना जे मिळालं नाही, ते विशीतल्या पोरांना पहिल्या महिन्यात मिळू लागलं. मुलींसाठी तर हा मोठाच बदल. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याने रात्री साडेनऊनंतर काम द्यायचं तर बाईची संमती हवी आणि तिच्या सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची सोय हवी, असं ठरवलं.

आता दुसरी बाजू. उभं राहण्याची तक्रार आजची नाही बरं का. इंग्लंडमध्ये 1899 साली खास कायदा करावा लागला, दुकानातल्या दर तीन बायकांमागे निदान एक बसायची जागा ठेवा म्हणून! आपल्याकडे केरळात कोळिकोडच्या दुकानांतल्या बायका विजी नावाच्या कार्यकर्तीबरोबर वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे 2018 साली बसण्याचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूने तो 2021 साली दिला. म्हणजे कंपनी मोठी म्हणून खुर्ची आपोआप मिळत नाही.

दुसरं, कामाचे तुकडे पडतात. बिल करणारा बिलच करतो, माल लावणारा मालच लावतो. खरेदी आणि भाव वरच्या ऑफिसात ठरतात. पाच वर्षं काढूनही स्वतःचं दुकान चालवता येईलच असं नाही.

आणि तिसरं सगळ्यात जड. मालक दिसत नाही. चेन्नईची सुभिक्षा बघा. देशभर सुमारे 1600 दुकानं, पण 2009 च्या सुरुवातीला पैसा संपला, पगार थकले आणि दुकानं बंद पडली. बिग बझारच्या अनेक दुकानांचा ताबा फेब्रुवारी 2022 मध्ये रिलायन्सने घेतला. कामगारांना नोकऱ्या देऊ केल्याच्या बातम्या आल्या हे खरं, पण त्या सगळ्या व्यवहारात त्यांना विचारलं कुणी? गावातला सावकार कितीही कडक असो, दुकान बसायला लागलं की नोकराला आधी कळायचं.

असो. मला वाटतं, पूर्वीच्या नोकराची भिस्त माणसावर होती, कंपनीतल्या नोकराची कागदावर आहे. माणूस फिरू शकतो, तसा कागदही नुसता ठेवून उपयोगाचा नाही, तो वाचावा लागतो. तेव्हा आमच्या घरातून जाणाऱ्यांना एवढंच सांगणं. जरूर जा, पण नेमणूक कंपनीची आहे की मधल्या ठेकेदाराची ते आधी विचारा. पीएफचा नंबर स्वतःच्या मोबाइलला जोडा, पगारातून कापलेले पैसे खात्यात पडतात का ते बघत राहा. आणि बिल करता करता माल कुठून, किती भावाने येतो हेही शिकून घ्या. ते कुणी शिकवणार नाही.